धुक्यातली गर्जना

समुद्राकडून आलेल्या धुक्यात पलीकडचा गोलपोस्ट दिसेनासा झाला होता. मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक कानांनीच सामना पाहत होता. पोर्तुगालच्या या कोळ्यांच्या गावाचा तो एकेकाळचा लाडका स्ट्रायकर. आज मात्र तो याच गावाविरुद्ध खेळायला पाहुणा संघ घेऊन आला होता. हरलात तर नोकरी गेली, असं त्याच्या क्लबच्या अध्यक्षांनी पेपरातच जाहीर केलं होतं.

शेवटच्या मिनिटाला धुक्यातून गावकऱ्यांची गर्जना उसळली. त्याच्या उमेदीची सगळी वर्षं याच गर्जनेवर तरंगत गेली होती. कळायच्या आत त्याचे दोन्ही हात वर गेले आणि तो धावत सुटला.

“कोच, अहो कोच!” सहायकाने मागून कोट धरला. “गोल आपल्यावर झालाय!”

“कळलं रे,” तो म्हणाला, पण हात खाली येईनात.

कठड्याला रेललेला एक म्हातारा कोळी खो खो हसला. “गेली ना नोकरी, लेका? ये आता घरी. ताजी तारली मासळी भाजायला टाकलीय!”

शिट्टी झाली. धुक्याला निखाऱ्यांचा वास येऊ लागला. संघाची बस डावीकडे उभी होती. तो उजवीकडे, त्या वासामागे चालत गेला.