फेरसुनावणी

घड्याळजींच्या खिडकीसमोर बारा मजली इमारत बांधायला पालिकेने परवानगी दिली, तीही त्यांची हरकत न ऐकता. घड्याळजींचं पोट त्या खिडकीतल्या उन्हावर. दिवसाउजेडी ते मुंगीच्या मिशाही विंचरून देतील, पण दिव्याखाली त्यांना घड्याळातली साधी स्प्रिंग दिसायची नाही. तेव्हा भिंग खाली ठेवून ते तडक कोर्टात गेले.

पालिकेचा वकील दर खेपेला मुदत मागायचा आणि पुढच्या तारखेपर्यंत समोर एक मजला चढलेला असायचा.

"अहो, तुमची तारीख पडली की त्यांचा स्लॅब पडतो," बायको म्हणाली. "तुम्ही कोर्टात जायचं थांबलात, तर ते बांधायचं तरी थांबतील!"

"गप गं. एकदा निकाल लागू दे, मग बघ."

सातव्या वर्षी निकाल लागला. न्यायाधीशांनी परवानगी रद्द केली आणि पालिकेला चांगलंच खडसावलं: हरकत घेणाऱ्याचं म्हणणं आधी समोर बसवून ऐका, मगच नव्याने काय ते ठरवा. घड्याळजींनी भर दुपारी दिवा लावून तो निकाल बायकोला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी तिने पदराने डोळे पुसले.

आठवड्याभरात पालिकेचं पत्र आलं.

"विषय: नियोजित इमारतीस परवानगी द्यावी किंवा कसे.

सुनावणीचे स्थळ: पालिकेचे नवे कार्यालय, सदर इमारत, तळमजला."