चौथा अर्थ

पहिली थप्पड बसली तेव्हा तिच्या पायात अजून चपला होत्या. दुसरीनं तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि ओठ फुटला. नवऱ्यानं दाराला आतून कडी घातली, पाठ लावून उभा राहिला आणि तिचं मनगट पिरगाळलं. कुठं भटकत होतीस, हा त्याचा प्रश्न. उत्तर त्याला नकोच होतं.

नवरा शब्दकोश तयार करणारा. मोठा जाणकार, सभेत मऊ आवाजात बोलणारा. बाहेर मवाळ, घरात कर्दनकाळ. कोशातली पायपीट झाली, फिरणं झालं, आता ‘भ’ आला होता आणि ‘भटकणे’ या एका शब्दापाशी स्वारी अडून बसली होती. वाट चुकून इकडेतिकडे जाणं, हा पहिला अर्थ. काम ना धंदा, उगाच रस्ते झिजवणं, हा दुसरा. बाईमाणसानं घर सोडून उंडारणं, हा तिसरा. त्याला उदाहरणांचा दुष्काळ नव्हता, नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्या हातभार लावत. शब्दाचं मूळ त्यानं ‘भ्रष्ट’मध्ये शोधलं होतं. पुरावा कच्चा आहे असं कचेरीतले दोघंतिघं म्हणाले, पण ऐकतो कोण? बायकोच्या ताटात मात्र हे मूळ रोज वाढलं जायचं.

राहिला चौथा अर्थ. आपल्या मर्जीनं, आनंदासाठी पायी हिंडणं. असा अर्थ आहे हे त्यालाही मान्य होतं, फक्त वाक्य मिळत नव्हतं. कोशाचा दंडक कडक. वाक्य कुणाच्या तरी तोंडून आपसूक निघालेलं हवं. मागून घेतलेलं, रचून बोललेलं चालत नाही. आणि ऐकलं की जागच्या जागी चिठ्ठीवर उतरवायचं, नाहीतर एखादा शब्द निसटायचा. एकदा तो न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठून पळाला होता. बाप गेला तेव्हा बहीण ऊर बडवत काय बोलली ते त्यानं आधी लिहून घेतलं, मग रडला. असला हा प्राणी.

उद्या पानं छापायला जायची होती आणि चौथ्या अर्थापुढची जागा कोरी होती. डोकं तापवून तो भर दुपारी घरी आला, तर बायको नाही. ती रोजच्यासारखी चालायला गेलेली. यावरून आधी त्यानं तिच्या चपला लपवल्या होत्या. ती अनवाणी गेली. मग त्यानं तिच्या हाताचं बोट मोडलं. ती बोटाला फडकं बांधून गेली. आज त्यानं खिळे ठोकायची हातोडी घेतली होती.

“शब्दाचं मूळच भ्रष्ट,” तो म्हणाला. “घोटे फोडतो, मग बघू कुठं भटकतेस.”

आणि त्यानं खरंच घाव घातला. तिनं पाय ओढला म्हणून घोटा वाचला, पण करंगळी चेचली आणि फरशीचा टवका उडाला. ओरडून येणार कोण होतं? शेजार कधीचा कानात बोळे घालून बसलेला. मेलीस आता, असं तिचं तिलाच वाटलं. पाय गेले तर ही चार भिंतींतली मोजकी जागाच उरणार होती, जन्मभर. त्यानं हातोडी पुन्हा उचलली.

तिनं तोंडातलं रक्त गिळलं. त्याच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत बोलली.

“हो, भटकते मी. पाय माझे आहेत, रस्ता कुणाच्या बापाचा नाही, आणि मनसोक्त भटकून आलं की कोरडे दोन घाससुद्धा गोड लागतात.”

हातोडी वरच्या वर थांबली. त्याचा राग कुठल्या कुठं गेला. ओठ हलायला लागले; तो वाक्य घोळवत होता. मनगट सुटलं. दार सोडून तो टेबलाकडं धावला, चिठ्ठी ओढली, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर हातोडी ठेवली आणि लिहायला बसला. ‘कोरडे दोन घास’ म्हणालीस की ‘दोन कोरडे घास’, एवढंच त्यानं मान वर न करता विचारलं.

तिनं कडी काढली. भिंतीला धरून लंगडत बाहेर पडली, दार ओढलं आणि बाहेरची कडी घातली. तेव्हा कुठं तो भानावर आला. दारावर लाथा बसू लागल्या, मग हातोडी. फळी चांगली जाड होती. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. करंगळी ठणकत होती, पण पाय चालत होते.

“अहो, ते वाक्य खोडा,” ती म्हणाली. “रोज चालता चालता पाठ केलंय मी ते.”