बिनझाकणाची टाकी

स्त्रातोसने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मासा पाळला होता. बोटाएवढा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आवाजाला इतका भित्रा, की दचकला तर उडी मारून थेट फरशीवर पडायचा. टाकीतल्या पोवळ्यांना उजेड हवा, म्हणून वर झाकण नव्हतं. म्हणून त्या खोलीत सगळ्यांनी कुजबुजायचं, असा स्त्रातोसचा हुकूम होता. त्याच्या नावाच्या संताच्या सणाला घरभर पाहुणे आले, तेही चवड्यांवर चालले.

"मुक्या जिवाला जपावं लागतं," तो हळूच म्हणाला. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या.

दुसऱ्याच दिवशी बायकोकडून मसुराच्या सुपात व्हिनेगर घालायचं राहिलं. स्वयंपाकघरात त्याने टेबलावर मूठ आपटली. "अक्कल गहाण टाकलीयस का, असिमिना? एक काम धड जमत नाही तुला!"

असिमिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोघांच्या ताटल्या उचलल्या, दिवाणखान्यात नेल्या आणि टाकीला खेटून मांडल्या. स्त्रातोस तणतणत मागे आला आणि दारातच गप्प झाला.

"बस," ती म्हणाली. "आजपासून जेवण इथंच. हां, बोल आता. काय म्हणत होतास?"