शून्य देणारा चाहता

गोलकीपरने मोबाइल टेबलावर आदळला. महिनाभराच्या मॅचेससाठी क्लबच्या मोजक्या चाहत्यांनी खेळाडूंना दिलेल्या गुणांत तो तळाला होता, आणि जो तळाला, तो पुढचा महिना संघाबाहेर.

“बाकी सगळे सात-आठ देतात. एकच माणूस माझ्यावर दात धरून आहे, दर मॅचला शून्य.”

“मीच ती,” आई भांडी विसळत म्हणाली.

तो ताडकन उठला आणि तोल जाताच त्याने खुर्ची धरली. “स्वतःच्या मुलाला शून्य?”

आईने नळ बंद केला. “गोलपोस्टवर डोकं आपटलं तेव्हापासून सांगतेय. डॉक्टरकडे येत नाहीस, खेळायचं थांबत नाहीस. मग मी काय करू?”

“मला काहीही झालेलं नाही.”

“हे सगळं सकाळीच बोलून झालंय आपलं,” आई म्हणाली. “मोबाइलची काच तेव्हाच फुटली.”