दोन नंबरची केबल

आतिफ कटर घेऊन पाण्यात उतरला आणि बोटीवर झहूर तांडेलांनी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारी किब्ल्याची डबी, त्यांचं छोटं होकायंत्र, उघडली. पाणबुड्या आतिफ त्यांचाच नातू.

भरसमुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज तिथेच डीसी करतात. तळाशी पुरलेल्या दोन केबलींमधून ती नवी मुंबईला येते. दोन नंबरच्या केबलला कुणा जहाजाचा नांगर ओरबाडून गेला होता. तो तुकडा कापायचा होता. कापताना आत वीज असती, तर आतिफचं कफनात गुंडाळायलाही काही उरलं नसतं. म्हणून बोटीवरच्या इंजिनिअर संघप्रियाने ऐरोलीच्या कंट्रोल रूमला वायरलेसवर तीनदा विचारलं. तिन्ही वेळा रणजीत म्हणाला, "मॅडम, दोन नंबर झीरो आहे. टेन्शन नका घेऊ."

तिला टेन्शन होतंच. भरती-ओहोटीच्या मधे पाणी फक्त वीस मिनिटं शांत राहणार होतं. त्यातली सात संपली होती.

"मॅडम, मक्का हलला," झहूर म्हणाले.

खलाशी किसन फिसकन हसला. "चाचा, म्हातारे झालात तुमी. सूर्य बघा की. पश्चिम समोर हाय!"

"तेच सांगतोय. सूर्य पश्चिमेला आणि सुई म्हणते, तीच उत्तर. चाळीस वर्षांत ही डबी कधी खोटं बोलली नाही. मी बोललो असेन."

संघप्रियाने डबी हिसकावली. हलवली, ठोकली. सुई पुन्हा तिथेच. एसी वीज असती तर सुई ढिम्म हलली नसती. डीसी मात्र एकाच दिशेने वाहते आणि अगदी जवळ असेल तर लोहचुंबकासारखी सुईला खेचते.

"वर घ्या त्याला! आत्ताच्या आत्ता!"

दोर ओढताना झहूरच्या तळव्यांची सालटी निघाली. आतिफ वर आला तो वैतागूनच. "काय राव! पातं आत्ता कुठे टेकवलं होतं."

संघप्रियाने वायरलेस उचलला. "रणजीत, एक नंबर मिनिटभर झीरो कर."

"एक नंबर? ती तुमच्यापासून तीनशे मीटरवर आहे, मॅडम! सगळ्या पवनचक्क्यांची वीज आत्ता तिच्यातूनच येतेय."

"कर म्हणते ना!"

चौघंही डबीवर वाकले. आतिफच्या केसांतलं पाणी काचेवर टपकलं. झहूरनी ते अंगठ्याने पुसलं.

सुई थरथरली, सावकाश फिरली आणि मुकाट उत्तरेला जाऊन थांबली. तीनशे मीटरवरची एक नंबर बोटीच्या खालीच होती.