गुणाबाईची गुडाखू

गुणाबाईनं गुडाखू सोडली, याचा सर्वांत जास्त आनंद उपकेंद्रातल्या नर्सबाईंना झाला होता. तंबाखूचं ते काळं मंजन जन्मभर घासून म्हातारीच्या हिरड्या पार सडल्या होत्या. सून वच्छलाच तिला हाताला धरून घेऊन आली होती. त्यामुळे आठवडाभरानं वच्छला एकटीच, उतरलेल्या चेहऱ्यानं दारात उभी राहिली, तेव्हा नर्सबाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं.

"पुन्हा सुरू केली का त्यांनी?"

"नाई बाई. तुमच्या पांढऱ्या पावडरीनंच घासतेत. पण दोन मिनिटात होऊन जाते न त्यायचं."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? आंधी तोंडात गुडाखू धरून अंगणात बसत, तं रेडिओच्या बातम्या सरेपर्यंत हूं का चूं नाई. तेवढ्यात माहा सडा, चूल, सैपाक सारं उरके. आता चूल पेटली का सुरू. लाकूड असंच काऊन लावलं, भात तसाच काऊन केला. यापरीस गुडाखू बरी होती."

नर्सबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"बाभळीची काडी दे त्यांना. चांगली जाड पाहून तोड. कुंचा होईपर्यंत चावायची, मग एकेक दात सावकाश घासायचा. मधे बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हण."

वच्छलाचा चेहरा खुलला. ती पायरी उतरते न उतरते तोच मागून दबक्या आवाजात हाक आली.

"दोन तोड गं. माझ्या सासूबाई कालच आल्यात."