बाटलीचा तळ

“पाडा खाली,” दुकानदार म्हणाला. “बिनधास्त पाडा, वहिनी.”

कुणी वहिनी म्हटलं की तिला फार बरं वाटे. तिनं स्टीलची बाटली फरशीवर सोडली. ठण्ण आवाज झाला, पण पोचा काही आला नाही.

“ही दुहेरी भिंतीची, पाणी दिवसभर गार. पण साहेब कॅम्पिंगला बाटलीतच पाणी उकळतात का?”

“हो ना, शेकोटीवर. दर शनिवार-रविवार. चहासुद्धा त्यातच.”

“मग ही नको. दुहेरी आगीवर ठेवली तर फुटायची. एकेरी पत्र्याची न्या. अडीअडचणीला तेवढं एकच भांडं पुरतं.”

सॅकच्या खिशात बसायला हवी, म्हणून मापाला तिनं त्याची जुनी बाटली आणली होती. दुकानदारानं ती उलटी केली. तळ लखलखीत. चिकटवलेला कागदसुद्धा शाबूत.

“ही एकेरीच आहे, पण आगीजवळ कधी गेलेली नाही. गेली असती तर कितीही घासा, काळी ती काळीच.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो घाईनं म्हणाला, “दुसरं भांडं नेत असतील हो.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरीच! सोमवारी परतल्यावर त्याच्या कपड्यांना धुराचा वास कधीच नसे. यायचा तो साबणाचा. कुणाच्या घरचा साबण?

शुक्रवारी संध्याकाळी तो सॅक भरताना बाटली शोधत राहिला. कपाटातला त्याचा खणही त्यानं उपसला. बाटली तिच्या पर्समध्ये होती.

“जाऊ दे, तसाच जातो,” तो म्हणाला.

त्याच्या बसमागे तिनं रिक्षा लावली. बस डोंगराकडे वळलीच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला तो उतरला आणि शीळ घालत एका इमारतीत शिरला.

शीळ तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार लागलं. असेल कुणीतरी सटवी, नटूनथटून बसलेली! जिना चढताना तिनं वाक्य घोटून घोटून पाठ केलं: दुसऱ्याचा माणूस पळवताना लाज नाही वाटली?

बाटली हातात घट्ट धरून तिनं बेल दाबली.

दार उघडलं. केस कसेबसे बांधलेली एक बाई, कडेवर पेंगुळलेलं मूल. मुलाचे डोळे थेट त्याचे. मागे भिंतीवर लग्नाचा फोटो. नवरदेव तो, आणि नवरी हीच.

तिनं बाटली पुढे केली.

बाटली पाहून त्या बाईचा चेहरा खुलला.

“अगंबाई, आमचीच की! मीच घेतली होती. आल्या आल्या म्हणाले, बाटली तिकडेच राहिली.” मग ती आत वळून ओरडली, “अहो, ऐकलंत का? सोमवार ते शुक्रवार तुम्ही राहता ना, त्या कॅम्पवरच्या बाई आल्यात!”